पाच टाकांचे भांडवल

बांगलादेशातील चितगाव विद्यापीठाला लागूनच जोब्रा नावाचे खेडे आहे. १९७४ च्या दुष्काळानंतर विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस या खेड्यात हिंडू लागले. आपण वर्गात शिकवितो त्या सिद्धांतांचा वेशीपलीकडच्या उपासमारीशी मेळ कसा बसत नाही, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करीत होता. तेथे त्यांना बांबूची स्टुले विणणारी एक स्त्री भेटली. बांबूसाठी लागणारे ५ टाका ती व्यापाऱ्याकडून उसने घेई आणि तयार झालेले स्टूल त्यालाच, तो ठरवील त्या भावाने, विकण्याचे बंधन तिच्यावर असे. दिवसभराच्या कष्टांचे तिच्या पदरी जेमतेम ५० पैसे पडत.

ही नाडणूक केवळ व्याजाची नव्हती. सावकाराचे व्याज कितीही जबर असले तरी ते आकड्यांत दिसते. येथे मालाचा भावच गहाण पडला होता. वस्तुतः तिची अडचण कौशल्याची नव्हती की आळसाची नव्हती, ती होती अवघ्या ५ टाकांची.

अशा ४२ जणांची यादी करण्यात आली. सर्वांची गरज मिळून निघाली ८५६ टाका. १९७६ साली युनूस यांनी ती रक्कम पदरची दिली. परंतु एका माणसाच्या औदार्यावर किती गावे उभी राहणार? ते बँकेकडे गेले, तेव्हा तारणाचा प्रश्न पुढे आला. अखेर ते स्वतः जामीन राहिले आणि जनता बँकेने कर्ज दिले. ती कर्जे फिटली. यातूनच १९८३ साली ग्रामीण बँक ही स्वतंत्र बँक स्थापन झाली. २००६ मध्ये बँक व युनूस यांना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

येथे कर्ज म्हणजे दान नव्हे. त्यावर व्याज आकारले जाते. तारणाऐवजी पाच जणींचा गट असतो. हप्ता आठवड्याचा आणि लहान असतो, कारण हातावर पोट असणाऱ्याला वर्षअखेरीची मोठी रक्कम साठविणे जड जाते, आठवड्याच्या मिळकतीतून थोडे बाजूला काढणे तितके जड जात नाही.

या पद्धतीचा गवगवाही पुष्कळ झाला. नफ्यामागे लागलेल्या कंपन्या या क्षेत्रात उतरल्या, एकेका कुटुंबावर तीन-तीन, चार-चार कर्जे चढली आणि २०१० साली आंध्र प्रदेश सरकारला वसुलीच्या जाचाविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. भारतासह सहा देशांतील पाहण्यांचे निष्कर्ष २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. काही धंद्यांचा व्याप वाढला, पण कुटुंबाच्या सरासरी उत्पन्नात मोठा पालट आढळला नाही. नवल वाटण्याचे कारण नाही. जेथे गिऱ्हाईकच थोडे, तेथे दहावी शिलाई मशीन पहिल्या नऊ मशिनींचेच काम वाटून घेणार.

आपल्याकडील बचत गटांची वाट थोडी निराळी आहे. तेथे आधी सभासदांची बचत, तिच्यातून आपसांत कर्ज आणि मग बँकेचा दरवाजा. नाबार्डने १९९२ पासून ही जोडणी सुरू केली. जोब्रातील त्या स्त्रीला छळणारा भावाचा प्रश्न मात्र येथेही सुटलेला नाही. ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांत पापड-लोणची, गोधड्या, मसाले विकणाऱ्या महिलांना थेट ग्राहक भेटतो. प्रदर्शन उठले की पुन्हा गावचा आठवडी बाजार आणि तेथील व्यापारी.