उरणच्या नव्या रस्त्यांवर कोणाची दुकाने?

मोरा बंदरात ओहोटीच्या वेळी गाळ उघडा पडतो आणि भाऊच्या धक्क्याकडे जाणाऱ्या लाँचला भरतीची वाट पाहत थांबावे लागते. उतारूंच्या दृष्टीने ही गैरसोयच. परंतु बंदराजवळच्या चहावाल्याचा आणि वडेवाल्याचा संसार काही अंशी याच गैरसोयीवर चालत आला आहे. खोळंबलेला माणूस चहा पितो, काहीतरी खातो, शेजारच्या अनोळखी उतारूशी चार शब्द बोलतो. पायी चालणारा माणूस, त्याला थांबण्याचे निमित्त आणि थांबल्यावर परवडेल असे खाण्याची सोय, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे रस्ता जागता राहतो. उरणच्या जुन्या पेठेत त्या आपोआप जमून आल्या. द्रोणागिरीच्या नव्या, रुंद रस्त्यांवर त्या जमतील की नाही, हा आजचा प्रश्न आहे.

12 जानेवारी 2024 रोजी शिवडी–न्हावाशेवा अटल सेतू आणि खारकोपर–उरण रेल्वे या दोहोंचे उद्घाटन झाले आणि शतकानुशतके समुद्राने मुंबईपासून अंतरावर ठेवलेले उरण तिच्या दाराशी आले. सेतूची लांबी 21.8 किलोमीटर, त्यावर पादचारी, दुचाकी आणि रिक्षा यांना मज्जाव. पाठोपाठ ऑक्टोबर 2024 मध्ये शासनाने उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील 124 गावांचे क्षेत्र नव्या शहरासाठी अधिसूचित केले. जमिनीचे भाव चढतात तेव्हा दुकानांच्या गाळ्यांचे भावही चढतात, आणि त्यांच्या मागोमाग साखळी उपाहारगृहे येतात, असा आजवरचा अनुभव आहे. याच रेल्वेमार्गावरील सीवूड्स स्थानकावर स्थानक आणि भव्य बाजारसंकुल एकाच बांधकामात उभे राहिले. गाडीतून उतरलेला प्रवासी तेथे सहजच संकुलात जातो. रस्त्याशी त्याचा संबंध येईलच असे नाही.

ही उपाहारगृहे सरसकट वाईट ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. 1996 मध्ये मॅक्डॉनल्ड्सने दिल्लीत आणि मुंबईत दुकाने उघडली तेव्हा संस्कृतिरक्षकांनी बरीच आरडाओरड केली होती. पण स्वच्छ प्रसाधनगृह, ठरावीक दर आणि एकट्या मुलीला निर्धास्तपणे तासभर बसता येईल अशी जागा आपल्या किती खानावळींनी दिली होती? महाविद्यालयातील विद्यार्थिनी तेथे बर्गरसाठी जातात त्यापेक्षा बसायला मिळते म्हणून अधिक जातात. ज्यांना खानावळींचा कैवार घ्यावयाचा आहे, त्यांनी हे आधी मान्य केलेले बरे.

आक्षेप चवीचा नाही, गाळ्याच्या आकाराचा आणि भाड्याचा आहे. साखळीतील दुकानाला मोठा दर्शनी भाग लागतो, शक्यतो चौकाचा कोपरा लागतो, दीर्घ मुदतीचा भाडेकरार लागतो. मोठी अनामत आणि महिन्याच्या महिन्याला चुकता होणारा धनादेश यांपुढे घरमालकाला चार लहान भाडेकरू नकोसे होतात. मग जेथे शिंपी, चहावाला, वह्यांचे दुकान आणि खानावळ अशी चार दारे असती, तेथे एकच काचेची भिंत उभी राहते. शिवाय साखळीच्या दुकानात बहुतांश माल मध्यवर्ती स्वयंपाकघरातून आणि ठरलेल्या पुरवठादारांकडून येतो. उरणची खानावळ करंजाच्या धक्क्यावरची मासळी घेते, कोळणीकडून जवळा घेते, तांदळाच्या भाकऱ्या भाजायला शेजारची बाई लावते. तिच्या गल्ल्यातला पैसा संध्याकाळपर्यंत गावातच दहा हातांतून फिरतो.

या बाबतीत गिरणगावाचा इतिहास ताजा आहे. लालबाग-परळमधील एकट्या राहणाऱ्या कामगारांना डबे देणाऱ्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, गिऱ्हाईक गेले. पुढे लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारांत उंची उपाहारगृहे आली. जेवण विकणारे पूर्वीही होते, आताही आहेत. फक्त ज्यांनी त्या वस्तीला वर्षानुवर्षे जेवू घातले, त्यांना नव्या इमारतींत गाळा मिळाला नाही.

उरणचा दावा तर याहूनही मोठा आहे. येथील भातशेते आणि मिठागरे सिडकोच्या नव्या शहरासाठी व बंदरासाठी गेली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले, आणि त्या लढ्यातून पुढे भूधारकांना 12.5 टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. पुष्कळांनी ते भूखंड बिल्डरांना दिले. बदल्यात पैसे किंवा सदनिका मिळाल्या. तळमजल्याचा रस्त्याकडचा भाग, ज्यावर पुढच्या पिढीचा व्यवसाय उभा राहू शकला असता, तो मात्र बहुधा हातचा गेला. ज्या कुटुंबाच्या नावे सातबारा नव्हता, त्या मिठागर कामगाराला किंवा मासे विकणाऱ्या बाईला तर भूखंडाचा प्रश्नच नव्हता.

उपाय नाहीत असे नाही. 2014 चा पथविक्रेता कायदा लोकसंख्येच्या 2.5 टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्यास सांगतो. 2011 च्या जनगणनेनुसार उरण शहराची वस्ती 30 हजारांच्या घरात होती. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने साडेसातशेच्या आसपास विक्रेते. त्यांच्यासाठी नेमावयाच्या नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असेही त्या कायद्यात आहे. मौज अशी की, सिडकोचे पहिले प्रमुख वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी साठीच्या दशकातच मुंबईच्या पदपथांवर फेरीवाल्यांसाठी पाण्याच्या नळांसह ओटे बांधण्याची कल्पना मांडली होती. नव्या शहराच्या पदपथांवर ती उतरली नाही.

द्रोणागिरीत अजून बरेच भूखंड मोकळे आहेत. स्थानकांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर काही गाळे दहा फुटी रुंदीचेच असावेत, ते एकत्र करण्यास मनाई असावी, प्रकल्पग्रस्त आणि महिला गट यांना ते ठरलेल्या भाड्याने मिळावेत, आणि चौकाजवळ सार्वजनिक प्रसाधनगृहासह मासळीचे व खाद्यपदार्थांचे ओटे असावेत, या अटी आराखड्यात आज घालता येतात. कोपऱ्यावर साखळीचे दुकान आले तर येऊ द्यावे. त्याच्या शेजारची चार दारे मात्र आधी राखून ठेवावी लागतील. इमारती उभ्या राहून करारनामे नोंदवले गेल्यावर गाळ्यांची रुंदी बदलणे कोणत्याही समितीला जमणार नाही.