लाल खडा : माणिक की आणखी काही?

ब्रिटनच्या 'इम्पीरियल स्टेट क्राउन' या राजमुकुटात समोरच एक मोठा लाल खडा बसविलेला आहे. 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' या नावाने तो शतकानुशतके प्रसिद्ध आहे. गंमत अशी, की तो माणिक नाहीच! तो स्पिनेल नावाच्या निराळ्या खनिजाचा खडा आहे. राजेरजवाडे जिथे चकले, तिथे आपली काय कथा?

असा घोटाळा का होतो? माणिक हे कुरुविंद या खनिजाचे, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे स्फटिक. शुद्ध कुरुविंद रंगहीन असते. त्यात क्रोमियमचा अल्प अंश मिसळला, की ते लाल होते. स्पिनेलमध्ये ॲल्युमिनियमबरोबर मॅग्नेशियमही असते, पण त्यालाही लाल रंग देते ते क्रोमियमच. शिवाय ब्रह्मदेशातील (आताच्या म्यानमारमधील) मोगोक भागात दोन्ही खडे शेजारी शेजारी सापडतात. तेव्हा नुसत्या रंगावर विसंबून चालणार नाही.

इथे तुमच्या पुस्तकातील आर्किमिडीजचे तत्त्व उपयोगी पडते. समजा, सुट्या लाल खड्याचे हवेतील वजन 1 ग्रॅम, म्हणजे 5 कॅरट आहे. पाण्यात त्याचे वजन 0.25 ग्रॅमने घटले, तर त्याचे विशिष्ट गुरुत्व 1 ÷ 0.25 = 4 झाले. हे माणिकाशी जुळते. स्पिनेलचे विशिष्ट गुरुत्व 3.6 असल्यामुळे त्याची घट सुमारे 0.28 ग्रॅम येईल. फरक अवघा 30 मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणून तराजू अचूक हवा.

पण काही लाल गार्नेटांचे विशिष्ट गुरुत्वही 4 च्या जवळपास असते. मग दुसरी कसोटी लावावी लागते, ती प्रकाशाची. माणिकात शिरलेला किरण सामान्यतः दुभंगतो. याला द्विवक्रीभवन म्हणतात. स्पिनेल, गार्नेट आणि काच यांत असे होत नाही. पोलरॉइड फिरवीत माणिकातून पाहिले, तर लाल रंगाची छटा जांभळट व नारिंगी अशी पालटते. मात्र एका विशिष्ट दिशेने हा बदल दिसत नाही, म्हणून खडा वळवून पाहावा. कानशीने ओरखडा काढून परीक्षा मात्र करू नका. त्याने चांगला खडाही बिघडू शकतो.

या दोन्ही कसोट्यांना उतरलेला खडा मौल्यवान असतोच का? नाही! फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नेय याने 1902 साली ज्योतीच्या उष्णतेने कृत्रिम माणिक बनविण्याची रीत जाहीर केली. त्याचे रासायनिक घटक, काठिण्य, वक्रीभवनांक सारे खऱ्यासारखेच. पण या रीतीने केलेल्या खड्यात सूक्ष्मदर्शकाखाली वक्र रेषा व वायूचे बुडबुडे दिसू शकतात. नैसर्गिक माणिकात वाढीच्या रेषा सरळ असतात आणि पुष्कळदा रुटाइल खनिजाच्या बारीक सुयाही आढळतात.

म्हणजे पदार्थ तोच, तरी किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. कारण किंमत ठरते ती दुर्मिळतेवर. गडद, तेजस्वी लाल रंग, निर्मळपणा, चांगले पैलू आणि मोठे वजन हे सारे एकाच नैसर्गिक खड्यात क्वचितच जुळून येते. म्हणूनच सारख्या प्रतीच्या 1 कॅरटच्या दोन माणकांपेक्षा 2 कॅरटचे एक माणिक महाग पडते. रंग खुलविण्यासाठी खडा तापविलेला असेल, तर भाव उतरतो.

घरात कोणी माणिक घेणार असेल, तर प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रात तीन गोष्टी पाहायला सांगा : खडा कोणत्या खनिजाचा आहे, तो नैसर्गिक आहे की कृत्रिम, आणि त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे. आणि तुम्ही? शाळेत काचेची गोटी पाण्यात तोलून तिचे विशिष्ट गुरुत्व काढून पाहा. रत्नपरीक्षेचा पहिला धडा तोच आहे.