सुनेला दिवस गेले की ही तपासणी कराच

सुनेला दिवस गेले की घरात डोहाळजेवणाची बोलणी सुरू होतात, रक्त तपासायचे म्हटले की मात्र टाळाटाळ! ‘आमच्यात असलं काही नसतं,’ हे उत्तर ठरलेले. सासूबाई, एचआयव्ही घराणे पाहून येत नाही. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते आणि निकाल गुप्त ठेवतात.

समजा, विषाणू निघालाच. उपचार न केल्यास अशा आयांच्या १०० बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना पोटात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून लागण होते. आईने एआरटीच्या गोळ्या लवकर सुरू करून रोज घेतल्या, तर हाच आकडा ५ च्या खाली येतो. गोळ्या जन्मभर घ्यायच्या. बाळालाही जन्मताच औषध देतात, निदान सहा आठवडे.

अंगावर पाजणार असाल तर पहिले सहा महिने फक्त आईचेच दूध. मध, गुटी, वरचे दूध काही नको. मिसळून दिल्याने धोका वाढतो. इथे आजीबाईंनी हात आवरावा.

आणि सुनेला माहेरी धाडू नका. पुष्कळदा विषाणू नवऱ्याकडूनच आलेला असतो. त्याचेही रक्त तपासा.

तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच उरकावी. राहिलीच असेल तर बाळंतपणाच्या वेळीही होते, औषधही तेव्हा सुरू करतात.