अंगावर काढू नका

मंडळी, बैल जरा लंगडला की आपण लगेच त्याचा पाय उचलून खूर पाहतो. विहिरीवरच्या मोटारीचा आवाज बदलला की मिस्त्रीला बोलावतो. पण स्वतःचे डोके ठणकते, पायाला मुंग्या येतात, रात्री लघवीला चारदा उठावे लागते, तेव्हा आपण काय म्हणतो? "चालायचंच. होईल बरं." यालाच दुखणे अंगावर काढणे म्हणतात. ही खोड बायकांनाही आहे. पण पुरुषांना ती मर्दुमकी वाटते. म्हणून आज आम्ही खास पुरुष मंडळींसाठी चार गोष्टी सांगणार आहोत.

दुखणे मुंगीच्या पावलानेही येते

आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो, असे आपण म्हणतो. तापाच्या बाबतीत ते खरे आहे. रक्तदाब आणि मधुमेह यांची चाल मात्र निराळी. ते मुंगीच्या पावलाने येतात. वर्षानुवर्षे आत राहतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

आमच्या ओळखीचे एक शेतकरी होते. वय पन्नाशीच्या आत, अंगाने धडधाकट. गावात तपासणी झाली तेव्हा ते म्हणाले, "मला काय धाड भरली आहे?" पुढच्याच हिवाळ्यात उसाला पाणी देताना ते बांधावर कोसळले. मेंदूतली रक्ताची नळी फुटली होती. जीव वाचला, पण उजवे अंग लुळे पडले. दवाखान्यात कळले की रक्तदाब फार वाढलेला होता. तो त्यांनी जन्मात कधी मोजलाच नव्हता. बरे, नुकसान एकट्याचे झाले काय? नाही. थोरल्या मुलाने शिक्षण सोडले आणि औत धरले.

रक्तदाब म्हणजे काय?

मोटार पाणी ढकलते, ते पाइपातून शेतात जाते. तसेच हृदय रक्त ढकलते, ते नळ्यांतून अंगभर जाते. पाइपात दाब फार झाला की सांधा सुटतो, मोटारीवरही ताण येतो. तेच शरीरात होते. मेंदूची नळी फुटते किंवा तुंबते, हृदय थकते, मूत्रपिंडे खराब होतात.

दाब मोजायला दंडाला पट्टा बांधतात. सुई टोचत नाहीत, दुखत नाही. दोन आकडे येतात. १२० आणि ८० च्या खाली असले तर उत्तम. वरचा आकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक, असा पुन्हापुन्हा आला तर रक्तदाब वाढला असे समजतात. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. पाच मिनिटे शांत बसावे, मगच हात पुढे करावा.

रक्तातली साखर

आपण खाल्लेल्या भाकरीची पोटात साखर होते आणि रक्तात मिसळते. ती शरीराच्या कामी लागावी म्हणून पोटातील एक ग्रंथी इन्सुलिन नावाचा रस तयार करते. हा रस कमी पडला, किंवा त्याचा नीट उपयोग झाला नाही, की साखर रक्तातच साचते. तहान फार लागते, लघवी वारंवार होते, जखम लवकर भरत नाही. पुढे डोळे आणि मूत्रपिंडे बिघडतात. पाय बधिर होतात. काटा मोडला तरी कळत नाही. जखम चिघळते, आणि कधी कधी पाय कापण्याची वेळ येते. बोटाच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहता येते. रात्रीच्या जेवणानंतर काही न खाता सकाळी तपासले आणि आकडा १२६ किंवा त्याच्या वर आला, तर मधुमेहाची शंका धरून डॉक्टर पुन्हा तपासतात.

तोंड उघडून दाखवा

तोंडाचा कर्करोग आपल्या देशातील पुरुषांत फार आढळतो. त्याचे मोठे कारण तंबाखू, गुटखा, मावा. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, पण चोरून मिळतो आणि चोरून खाल्ला जातो. सकाळी आरसा घ्या. गालाच्या आत, जिभेखाली, हिरड्यांवर पांढरा किंवा लाल चट्टा आहे काय? दोन आठवडे झाले तरी न भरलेला फोड आहे काय? स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात काय? जात नसतील तर थांबू नका. हा रोग लवकर सापडला तर बरा होऊ शकतो. उशीर झाला तर जबडा काढावा लागतो, कधी माणूसही जातो.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर थुंकी तपासावी. क्षयरोगाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

मनाचे दुखणे

हे दुखणे पुरुष सर्वांत जास्त लपवतो. कर्ज झाले, पीक गेले, पोराला नोकरी नाही. माणूस गप्प होतो. झोप उडते, जेवण जात नाही, दारू वाढते. "यापेक्षा मेलेलं बरं," असे बोलून जातो. हे बोलणे थट्टेवारी नेऊ नका. त्याच्याजवळ बसा, सरळ विचारा, एकटे सोडू नका. २०२२ सालापासून सरकारने टेलिमानस ही सेवा चालू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री फोन करता येतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. मन मोकळे करणे हा काही दुबळेपणा नव्हे.

तपासणी कोठे होते?

आपल्या गावच्या किंवा शेजारगावच्या उपकेंद्रात. त्यालाच आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि तोंड तेथे फुकट तपासतात. आशाताई घरी येऊन कागद भरते. वय, तंबाखू, दारू, घरातले आजार विचारते. फितीने कंबर मोजते. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंचांच्या वर नसावी. ती विचारील त्याचे खरे उत्तर द्या. ती पोलीस नव्हे.

२०२३ साली महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने अठरा वर्षांवरील पुरुषांच्या तपासणीची खास मोहीमही काढली होती. पण मोहीम येते आणि जाते. आपले शरीर रोजचे आहे.

"दवाखाना उघडतो तेव्हा आम्ही रानात असतो," ही तक्रार आम्ही पुष्कळदा ऐकतो. ती खोटी नाही. मग गावाने उपाय काढावा. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला सगळे पुरुष डेअरीवर येतातच. भजनी मंडळ जमते, तालमीत पोरे येतात. ग्रामसभेत विषय मांडून अशा ठिकाणी महिन्यातून एकदा तपासणी ठेवण्याची विनंती आरोग्य केंद्राला करावी. एकटा माणूस लाजतो. दहा जण बसले की अकरावा आपोआप बाही वर करतो.

गोळी बंद करू नका

पुष्कळांची फसगत येथेच होते. गोळी घेतली, आकडा खाली आला, की माणूस म्हणतो, "बरा झालो," आणि गोळी सोडतो. बाबांनो, बांधामुळे पाणी अडले म्हणून बांध फोडायचा नसतो. गोळी चालू आहे म्हणून दाब ताब्यात आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नये.

ध्यानात ठेवा

१. तिशी ओलांडली की वर्षातून एकदा तरी रक्तदाब, साखर आणि तोंड तपासून घ्या.

२. मीठ कमी, लोणचे-पापड बेताने. तंबाखू आणि दारू बंद.

३. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तेल चोळत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. मेंदूतल्या गाठीवर विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात.

४. तपासणीचा कागद जमिनीच्या उताऱ्याइतकाच जपून ठेवा. पुढच्या वेळी बरोबर न्या.

हा धडा वाचून झाला की पुस्तक मिटा आणि घरातल्या माणसांना विचारा, "माझा रक्तदाब शेवटी कधी मोजला?" कोणालाच आठवले नाही, तर उद्या सकाळी उपकेंद्राची वाट धरा. जाताना शेजाऱ्यालाही हाक मारा.