पेट्रोल भरल्यावर ‘चेक इंजिन’ दिवा? आधी झाकण पाहा

पेट्रोल भरले आणि दोन दिवसांत ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला? आधी टाकीचे झाकण तपासा. टाकीतील वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते आणि पर्ज व्हॉल्व्हमधून इंजिनात जाऊन जळते. झाकण सैल असेल किंवा त्याचे रबर चिरले असेल, तर स्कॅनरवर ‘पी ०४५५’ म्हणजे मोठ्या गळतीचा कोड येऊ शकतो. झाकण घट्ट केले तरी दिवा लगेच विझत नाही. पेट्रोल भरल्यावरच गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल, तर संशय पर्ज व्हॉल्व्हवर. तो उघडाच अडकलेला असतो. गॅरेजवाला थेट महागडा कॅनिस्टर बदलायला निघाला, तर आधी धूर सोडून गळती शोधायला सांगा. पंपावर नोझल आपोआप थांबल्यावर ‘राउंड फिगर’साठी आणखी भरू नका. ते पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरले, तर कोळसा खराब होतो.