जुनं म्हणजे महागच असं नाही हं!

शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाचं चित्रपुस्तक हाती लागलं की लोक लगेच लाखाची स्वप्नं बघतात. जरा थांबा! पावणेतीन कोटींच्या आसपास भेटी नोंदवलेली ती जत्रा. 'शेप्स वर्ल्ड्स फेअर फोटोग्राफ्ड'सारखी पुस्तकं तेव्हा अमाप छापली गेली, आजही सहज मिळतात.

मी आधी पानं मोजते. सुटी पानं चौकटीत लावून विकायची खोड जुनीच, आणि पहिला बळी बहुधा तिथल्या पहिल्यावहिल्या फेरिस व्हीलच्या पानाचा! मग एक कोपरा अगदी हलकेच वाकवून बघते. लाकडाच्या लगद्याचा कागद असेल तर पापडासारखा तुटतो. घडीचा नकाशा शाबूत असेल तर भाव वाढतो. फाटक्या पानाला सेलोटेप? नकोच.

माझा जीव मात्र याच प्रदर्शनानिमित्त भरलेल्या सर्वधर्मपरिषदेच्या, बॅरोज यांनी संपादित केलेल्या दोन खंडांत अडकलाय. विवेकानंद, वीरचंद गांधी बोलले तीच परिषद. दोन्ही खंड एकाच आवृत्तीचे आहेत ना, एवढं बघा. जोड्या जुळवून विकणारे कमी नाहीत.

आणि भाव ठरवताना विक्रेत्याने मागितलेली किंमत धरू नका, लिलावात प्रत्यक्ष कितीला गेलं ते शोधा.