सीट सोडा, पण हिशेब सोडू नका

विमानप्रवास ही आता केवळ बड्या घरांची मिरास राहिलेली नाही. नागपूर, अकोला, नांदेड, लातूरच्या वस्त्यांतली मुलेमुली शिष्यवृत्ती मिळवून, नाही तर बँकेचे कर्ज काढून अमेरिकेत शिकायला जातात, तिथेच नोकरीला लागतात. बाबासाहेब १९१३ साली बोटीने न्यूयॉर्कला गेले होते, आजची मुले दिवसाभरात पोचतात. याचा आनंद आहेच. पण विमानाच्या तिकिटामागचा जो व्यवहार आहे तो आपल्याला कुणी शिकवलेला नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपण लोक. तिकीट निघाले, सीटचा नंबर मिळाला, म्हणजे जागा आपली झाली असे आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या विमानतळावर मात्र गेटवरचा कर्मचारी माइकवरून पुकारतो, की या विमानात जागेपेक्षा प्रवासी जास्त झाले आहेत, कुणी स्वखुशीने सीट सोडणार असेल तर ३०० डॉलरचे व्हाउचर देऊ. आपला विद्यार्थी मनातल्या मनात डॉलरचे रुपये करतो आणि हात वर करतो. या व्हाउचरविषयी आम्हाला आज लिहायचे आहे, कारण त्यात आपली मुले फसतात.

मुळात जागेपेक्षा जास्त तिकिटे विकली जातातच कशी? तिकीट काढलेले काही प्रवासी ऐनवेळी येत नाहीत. त्यांची जागा रिकामी गेली तर तेवढे उत्पन्न बुडते, म्हणून कंपन्या मागच्या अनुभवावरून अंदाज बांधतात आणि दीडशे जागांच्या विमानाची दीडशेहून अधिक तिकिटे विकतात. अमेरिकेत हे बेकायदेशीर नाही. आपल्या रेल्वेतही वेटिंग लिस्ट असते, आरएसीत एका बर्थवर दोघे बसतात, पण रेल्वे ते तिकिटावर छापून देते. विमान कंपनी पक्के तिकीट म्हणून विकते, आणि सगळेच प्रवासी हजर झाले की कुणाला तरी उतरवते.

कुणाला उतरवते, हा खरा प्रश्न आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत ज्युलियन सायमन नावाचे अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक होते. त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे, की त्या काळी कंपन्या म्हातारी माणसे आणि सैन्यातले जवान यांना मागे ठेवत, कारण हे लोक तक्रार करणार नाहीत असा कंपन्यांचा होरा होता. आमच्या वाचकांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. जो बोलणार नाही त्यालाच उठवायचे, ही रीत आपल्याकडे गावच्या पंगतीपासून सरकारी कचेरीच्या बाकापर्यंत सगळ्यांनी पाहिलेली आहे.

सायमन यांनी १९६८ साली एक लेख लिहून साधा उपाय सुचवला. गेटवर प्रत्येक प्रवाशाला पाकीट द्या, किती पैसे मिळाले तर तो पुढच्या विमानाने जायला तयार आहे ते त्याला लिहू द्या, आणि सर्वांत कमी मागणाऱ्याला तेवढे रोख देऊन थांबवा. ज्याला घाई आहे तो जाईल, ज्याला नाही तो पैसे घेऊन थांबेल, जबरदस्ती कुणावरच होणार नाही. विमान कंपन्यांनी हा उपाय हसण्यावारी नेला. तो रुजायला दहा वर्षे लागली, आणि मध्ये एक कोर्टकचेरी झाली. ग्राहकांचे लढे लढणारे राल्फ नेडर यांना एप्रिल १९७२ मध्ये वॉशिंग्टनहून हार्टफर्डला एका सभेसाठी जायचे होते. पक्के तिकीट असून अलेगेनी एअरलाइन्सने त्यांना विमानात घेतले नाही. भरपाई घेऊन गप्प बसण्याऐवजी त्यांनी दावा लावला. जास्तीची तिकिटे विकतो ही गोष्ट कंपनीने लपवली, ही त्यांची मुख्य तक्रार होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७६ साली न्यायालयाने सांगितले, की सरकारी मंडळाकडे दाद मागण्याची सोय आहे म्हणून प्रवाशाला कोर्टाचा दरवाजा बंद होत नाही. पुढे १९७८ साली, आल्फ्रेड कान हे नागरी विमान वाहतूक मंडळाचे अध्यक्ष असताना, नियम झाला की कुणालाही सक्तीने उतरवण्याआधी स्वखुशीने थांबणारे आहेत का हे विचारलेच पाहिजे. आज गेटवर जो पुकारा होतो, तो त्या नियमामुळे होतो. कंपनीच्या दिलदारपणाचा त्यात काही संबंध नाही.

म्हणून आमचे पहिले म्हणणे हे, की व्हाउचर हे बक्षीस नव्हे. तुमच्या वेळेची ती किंमत आहे आणि ती ठरवताना तुम्हीही एक पक्ष आहात. स्वखुशीने थांबणाऱ्याला किती द्यायचे यावर कायद्याने वरची मर्यादा घातलेली नाही. कंपनी ३०० म्हणेल, तुम्ही ६०० म्हणा. रोख मागा. बहुतेक वेळा रोख देत नाहीत, पण मागायला बंदी नाही, आणि काही कंपन्या दुकानात चालणारी गिफ्ट कार्डे देतात, ती व्हाउचरपेक्षा केव्हाही बरी. डेल्टा कंपनीने तर २०११ पासून सायमन यांचे पाकीट संगणकावर आणले आहे. चेक-इन करतानाच विचारतात, किती घेऊन थांबाल? इथे आपले विद्यार्थी हमखास कमी आकडा टाकतात. ज्याच्या खिशात पैसे कमी, त्याचा वेळ स्वस्तात जातो. सायमन यांच्या योजनेतली ही उणीव आम्हाला खटकते. जबरदस्ती गेली, पण गरज तिथेच राहिली. तरीही उठवून लावण्यापेक्षा विचारून थांबवणे शतपटीने बरे, हे मान्य केले पाहिजे.

न विचारता काय होते ते जगाने एप्रिल २०१७ मध्ये पाहिले. शिकागोहून लुईव्हिलला जाणाऱ्या युनायटेडच्या विमानात प्रवासी बसलेले होते आणि कंपनीला आपल्या चार कर्मचाऱ्यांसाठी जागा हव्या होत्या. आधी ४०० डॉलर, मग ८०० डॉलर देऊ केले, कुणी उठले नाही. तेव्हा पुकारा वाढवण्याऐवजी कंपनीने चार नावे काढली. त्यातले डॉ. डेव्हिड दाओ, ६९ वर्षांचे, मूळचे व्हिएतनामी, उठायला तयार नव्हते. सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्यांना फरफटत बाहेर काढले. नाक मोडले, दोन दात गेले. चित्रफीत जगभर गेल्यावर त्याच महिन्यात कंपनीने त्यांच्याशी तडजोड केली आणि यापुढे १०,००० डॉलरपर्यंत देऊ असे जाहीर केले. ८०० वर अडलेली थैली महिन्याच्या आत १०,००० पर्यंत सैल झाली. म्हणजे द्यायची ऐपत आधीही होती. २०१८ च्या कायद्याने, एकदा बोर्डिंग पास तपासून विमानात घेतलेल्या प्रवाशाला जादा तिकिटे विकली या कारणाने उतरवण्यास मनाई झाली.

आता महत्त्वाचा फरक. स्वखुशीने थांबणारा आणि सक्तीने थांबवलेला, हे दोन वेगळे प्रवासी आहेत. स्वखुशीवाल्याला जे ठरले तेवढेच मिळते. सक्तीने थांबवलेल्याला कायद्याने ठरलेली भरपाई मिळते. अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवास असेल आणि दुसऱ्या विमानाने पोचायला एक ते दोन तास उशीर होत असेल तर एका बाजूच्या भाड्याच्या दुप्पट, त्याहून जास्त उशीर असेल तर चौपट. जानेवारी २०२५ पासून यांच्या मर्यादा अनुक्रमे १,०७५ आणि २,१५० डॉलर आहेत. एका बाजूचे भाडे २०० डॉलर आणि उशीर चार तासांचा असेल तर ८०० डॉलर होतात, आणि ते रोख किंवा चेकने मागता येतात. कंपनी त्याऐवजी व्हाउचर पुढे करू शकते, पण नाकारण्याचा हक्क प्रवाशाचा आहे. हक्क लिहिलेला कागद देणेही कंपनीवर बंधनकारक आहे. स्वखुशीसाठी विचारताना, तुम्हाला सक्तीने थांबवले जाण्याचा धोका आहे का आणि तसे झाल्यास किती द्यावे लागेल, हेही कंपनीने सांगायचे असते. कुणी आपणहून सांगत नसेल तर विचारा. ३०० च्या व्हाउचरवर ‘स्वखुशीने’ म्हणून सही केली की ८०० रोखीचा हक्क त्याच सहीने जातो. मात्र वेळेत चेक-इन केलेले असले पाहिजे, आणि तीसपेक्षा कमी जागांच्या छोट्या विमानांना हा नियम नाही, हे ध्यानात ठेवा.

आमच्या परिचयातल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट. सुटीत बहिणीकडे निघाला असताना त्याने सीट सोडली, ४०० डॉलरचे व्हाउचर मिळाले. तेवढ्या पैशांत आईला एकदा अमेरिकेतले दुसरे शहर दाखवू, असे त्याच्या मनात होते. आईचा व्हिसा होऊन ती यायला चौदा महिने लागले. व्हाउचर एका वर्षाचे होते. कंपनीला फोन केला, ईमेल केले, उत्तर एकच, मुदत संपली. न वापरलेल्या व्हाउचरचे पैसे कंपनीच्याच गल्ल्यात राहतात, हे सांगायला अर्थशास्त्र नको.

तेव्हा सही करण्याआधी अटी विचारा. फुकट किंवा सवलतीच्या प्रवासाचे व्हाउचर देताना त्यावरची महत्त्वाची बंधने सांगणे कंपनीला नियमानेच भाग आहे. मुदत कशाची आहे, तिकीट काढण्याची की प्रवास पूर्ण करण्याची? या दोन तारखांत महिन्यांचा फरक पडू शकतो. दुसऱ्याच्या नावाने तिकीट काढता येते का? कर आणि शुल्क त्यातून जातात का? ४०० च्या व्हाउचरवर २५० चे तिकीट काढले तर उरलेले १५० शिल्लक राहतात का बुडतात? एका बुकिंगला दोन व्हाउचर लावता येतात का? स्वस्त तिकिटांच्या इतर संकेतस्थळांवर ते सहसा चालत नाही, कंपनीच्याच संकेतस्थळावरून बुकिंग करावे लागते. त्याचा नंबर आणि पिन ज्या ईमेलमध्ये आला तो जपून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढा, आणि प्रवासाचा बेत नसला तरी मुदत संपायच्या दोन महिने आधी वापराचा विचार करा. आणि गेट सोडण्यापूर्वी पुढच्या विमानात पक्की सीट हातात घ्या. जागा झाली तर पाठवू, असल्या तोंडी शब्दावर थांबू नका. रात्र काढावी लागणार असेल तर हॉटेल आणि जेवण वेगळे मागा. सामान कुठे जाते आहे ते विचारा.

सीट सोडूच नये अशाही वेळा असतात. पुढचे आंतरराष्ट्रीय विमान गाठायचे आहे, दुसऱ्या दिवशी परीक्षा किंवा मुलाखत आहे, औषधे सामानात गेली आहेत, तर ३०० काय नि १,००० काय. १४ ऑक्टोबर २०२३ ला मेरीलँडमध्ये बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, अशा ठरलेल्या दिवशी पोचायचे असेल तर कोणतेही व्हाउचर ती वेळ परत देत नाही.

मुंबईहून अमेरिकेला निघालेल्या विमानाला अमेरिकेचा हा नियम लागू होत नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावे. युरोपमध्ये विमान बदलताना तिथल्या विमानात घेतले नाही, तर २००५ पासून लागू असलेला युरोपचा नियम आहे. साडेतीन हजार किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला ६०० युरो, आणि पर्यायी विमान फार उशिराचे नसेल तर त्याच्या निम्मे. तिथे प्रवाशाच्या लेखी संमतीशिवाय पैशांऐवजी व्हाउचर देता येत नाही. आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१० साली नियम केला आणि १ ऑगस्ट २०१६ पासून रकमा वाढवल्या. इथेही आधी स्वखुशीने थांबणारे शोधायचे. सक्तीने थांबवले आणि तासाभरात सुटणारे दुसरे विमान दिले तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आत दिले तर मूळ भाडे आणि इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,००० रुपये. काउंटरवर हे आपणहून सांगतील या भरवशावर राहू नका. बोर्डिंग पास, तिकीट आणि थांबवल्याचा लेखी कागद जवळ ठेवा. कंपनीने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि त्यानंतर आपल्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहे, तिथे अर्ज स्वतः लिहूनही देता येतो.